पित्ताची रोजकीर्द

माझ्या पोटाचं दुखणं पहिल्यांदा ओळखलं ते दातांच्या डॉक्टरांनी.

दाढ ठणकत होती म्हणून सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात गेलो होतो. त्यांनी दाढ बघितली, मग छोटा आरसा वरच्या पुढच्या दातांच्या मागं धरला आणि जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "रात्री तोंडात आंबट पाणी येतं का हो?"

"येतं की. पित्त आहे मला," मी म्हणालो. एखाद्यानं आपलं आडनाव सांगावं तसं.

त्यांनी माझ्या हातात आरसा दिला. दातांची मागची बाजू गुळगुळीत, काचेसारखी झालेली. पॉलिश पेपर मारल्यासारखी. दाढांच्या टोकांना बारीक बारीक वाट्या पडलेल्या. "ही कीड नाही. आम्लानं झिजलंय हे सगळं. दाढेचं आपण बघू, पण आधी पोटाचा डॉक्टर गाठा."

तोवर आठ-नऊ वर्षं झाली होती.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. फेब्रुवारीपासून मे उजाडेपर्यंत हळदीचा हंगाम. सकाळी सौदे, मग तोलाई, मग हमाली-तोलाईची कपात करून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, करायच्या. कॉम्प्युटर आला तरी आमच्या शेठना गादीवरची बैठकच लागते, त्यामुळं बुटक्या डेस्कवर वाकूनच काम. रात्री साडेदहाला घरी, पावणेअकराला ताट, सव्वाअकराला आडवा. हे वेळापत्रक इतकं तपशिलात लिहितोय कारण पुढं सगळं त्याच्यावरच येणार आहे.

एरवी दिवसभर चहा. शेतकरी आला की चहा, व्यापारी आला की चहा. संध्याकाळी कुणीतरी भडंग मागवायचा, त्यावर कच्चा कांदा. आणि मग छातीच्या मधोमध ते नेहमीचं जळणं, निखारा ठेवल्यागत. आमचे हमाल मुकादम म्हणायचे, "दिवाणजी, इनो मारा की एक." मी मारायचो. ग्लासात फेस यायचा, दोन मोठे ढेकर यायचे, अर्धा तास बरं वाटायचं. इनोत सोडियम भरपूर असतं आणि मी रक्तदाबाचा पेशंट, हे त्या वेळी माझ्या गावीही नव्हतं.

मुळात "पित्त" या शब्दानंच माझा घात केला असं मला आता वाटतं. आपल्याकडं डोकं ठणकून उलटी झाली की "पित्त पडलं". अंगावर लाल गांधी उठल्या की "पित्त उठलं", मग आमसुलाचं पाणी चोळायचं. छातीत जळजळलं तरी पित्तच. आणि यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठतं ते खरं पित्त यातलं कशाशीच धड जुळत नाही. डोकेदुखी वेगळी, गांधी वेगळ्या, जळजळ वेगळी; तीन आजारांना एकच नाव, आणि त्या एका नावावर घरातल्या प्रत्येकाकडं एक इलाज. आई थंड दूध द्यायची. घोटभर प्यायलं की गार वाटायचं, तासाभरानं पुन्हा जळजळ. दूध पोटात गेल्यावर आम्ल उलट वाढवतं, हे नंतर कळलं. वहिनी मोरावळा पाठवायची. मेव्हणा म्हणायचा रिकाम्या पोटी कोमट पाणी आणि लिंबू. लिंबू! आज आठवलं की दात शिवशिवतात.

शेवटी औषधाच्या दुकानातून ती प्रसिद्ध कॅप्सूल घ्यायला लागलो. पॅन्टोप्राझोल आणि डोम्पेरिडोन एकत्र असलेली. चिठ्ठी कुणी विचारत नाही. छातीत पेटलं की एक गिळायची, बहुतेक वेळा जेवण झाल्यावर, कधी झोपताना. पाकीट खिशातच. असं पाच-सहा वर्षं. कधी गुण यायचा, कधी नाही. मला वाटायचं आपलं पित्तच जबर, औषधाला पुरून उरणारं.

दातांचं निघायच्या आदल्या वर्षी एका रात्री दीड वाजता छातीवर पोतं ठेवल्यासारखं झालं. घाम फुटला. बायको म्हणाली, "अहो, पित्त-बित्त काही नाही, चला." शेजाऱ्यांनी रिक्षा काढली. जवळच्या एका दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त घेतलं, काही तासांनी पुन्हा रक्त घेतलं. हृदय ठीक निघालं. ते बघितलं हे उत्तमच केलं. अन्ननलिकेची आणि हृदयाची कळ आतून सारखीच वाटते, आपल्याला ओळखता येत नाही, आणि असल्या रात्री "गॅस असेल" म्हणून घरी पडून राहण्याचा शहाणपणा कुणी करू नये. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. सकाळी एक इंजेक्शन, तीच कॅप्सूल लिहिलेली चिठ्ठी, "गॅस आहे, तिखट-तेलकट बंद करा", आणि बिल. कॅप्सूल कधी घ्यायची, किती दिवस घ्यायची, का घ्यायची, एक अक्षर नाही. मी विचारलंही नाही, हे माझ्या नावे.

*

आमच्या भागात दुखणं मोठं झालं की माणूस मिरजेला जातो. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासूनची ही सवय. आमचे आजोबा तर "मिरजेला नेलंय" एवढंच म्हणायचे आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. मीही सिटी बसनं दहाएक किलोमीटर जाऊन पोटाच्या डॉक्टरांपुढं बसलो.

त्यांनी आधी भलतेच प्रश्न विचारले. गिळताना घास अडकतो का? वजन आपोआप उतरलंय का? काळी शी होते का? उलटीत रक्त? सगळ्याला नाही म्हटल्यावर ते जरा सैल झाले. मग म्हणाले, "आवाज सकाळी घोगरा असतो का?" तो असायचा. मी ते हळदीच्या धुळीच्या खाती टाकलं होतं. "रात्री ठसका लागून उठता?" तेही. "बीपीची कुठली गोळी?" अॅम्लोडिपिन. त्यांनी ते लिहून अधोरेखित केलं.

मग म्हणाले, "एंडोस्कोपी करू. पण त्याआधी दोन आठवडे तुमची कॅप्सूल पूर्ण बंद. नाहीतर हेलिकोबॅक्टर या पोटातल्या जंतूची तपासणी चुकू शकते. फार जळजळलं तर आम्ल शमवणारं पातळ औषध घ्या, तेवढंच."

ते दोन आठवडे मी विसरणार नाही. मला वाटलं होतं, तशीही कॅप्सूल फारशी लागू पडत नव्हतीच, बंद केली तर काय बिघडणार? तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जे उसळलं ते पूर्वीच्या दुप्पट. पाणी प्यायलं तरी जळायचं. झाकण भरभरून ते गुलाबी पातळ औषध घ्यायचो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, ही गोळी बरेच महिने घेऊन एकदम तोडली की दाबून ठेवलेलं आम्ल काही काळ जास्तच सुटतं. म्हणजे जुनं दुखणं तर होतंच, वर गोळी सोडल्याचं व्याज. किती लोक इथंच घाबरून "मला गोळीशिवाय जमत नाही" म्हणत परत पाकीट उघडत असतील!

*

एंडोस्कोपीची मला भयंकर धास्ती होती. रात्रीपासून उपाशी. सकाळी संमतीच्या कागदावर सही. मग सिस्टरनं घशात फवारा मारला. कडवट, आणि मिनिटभरात घसा दुसऱ्याचाच झाल्यासारखा जाड. थुंकी गिळली जातेय की नाही कळेना, त्याचीच भीती वाटली. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत प्लॅस्टिकचं कडं दिलं. करंगळीएवढी काळी नळी पुढं आली. "गिळा, गिळा... आणि आता फक्त श्वास." एक उबळ आली, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळेची धार खाली ट्रेमध्ये. सिस्टरनं खांद्यावर हात ठेवला होता. तो हात नसता तर मी नळी ओढून काढली असती. आत हवा भरतात, त्यामुळं पोट फुगतं आणि घोड्यासारखे ढेकर येतात, सगळ्यांसमोर. पण खरं सांगायचं तर पाच-सहा मिनिटांत संपलं. दाढ काढणं याहून वाईट.

नंतर त्यांनी पडद्यावरचे फोटो दाखवले. अन्ननलिका आतून फिकट गुलाबी, ओल्या शिंपल्यासारखी. खाली जिथं जठर सुरू होतं तिथं रंगाची सीमारेषा, आणि त्या रेषेपासून वर चढलेले दोन लाल ओरखडे, मांजरानं ओढल्यासारखे. "पाच मिलिमीटरपेक्षा लांब आहेत, म्हणून ग्रेड बी. ए म्हणजे याहून बारीक, सी-डी म्हणजे वाईट." शिवाय छोटा हायटस हर्निया होता. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्यातून, म्हणजे श्वासपटलातून, अन्ननलिका खाली उतरते. तिथून माझ्या जठराचा वरचा टोकाकडचा भाग दोनेक सेंटिमीटर वर सरकलेला.

त्याच वेळी जठराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून पिवळ्या जेलच्या खिडकीत ठेवला होता. हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू असेल तर तो युरियापासून अमोनिया करतो, अमोनिया अल्कधर्मी, आणि त्यानं पिवळ्याचं गुलाबी होतं. सिस्टर हे सांगत होत्या आणि मी खिडकीकडं बघत होतो. मला हसू आलं. हळदीवर चुना घातला की कुंकू होतं, तसंच हे! आमच्या धंद्यातल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही. वीस मिनिटं बघितलं, तासानं पुन्हा बघितलं. पिवळं ते पिवळंच. कुंकू झालं नाही. जंतू नाही.

डॉक्टरांनी त्या जंतूची गोष्ट सांगितली तीही मजेशीर. पोटातल्या जखमा ताणानं आणि तिखटानं होतात असं सगळे मानत असताना बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन हे दोन ऑस्ट्रेलियन डॉक्टर म्हणत होते की हा जंतू करतो. कुणी ऐकेना, तेव्हा १९८४ साली मार्शलनी जंतू वाढवलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि आजारी पडून दाखवलं. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. पण तो विषय अल्सरचा. माझं दुखणं वेगळं होतं.

*

ते वेगळं म्हणजे काय, हे त्यांनी टेबलावरच्या कागदावर चित्र काढून सांगितलं, आणि त्या दहा मिनिटांत माझी नऊ वर्षांची समजूत उलटीपालटी झाली.

मी समजत होतो की माझ्या पोटात आम्ल जास्त होतं. ते म्हणाले, "तुमचं आम्ल तुमच्या शेजाऱ्याइतकंच असेल. ते चुकीच्या जागी जातंय." जठराला आतून चिकट लेप असतो, त्यामुळं त्याला आम्ल सोसतं. अन्ननलिकेला तो लेप नसतो. दोघांच्या मध्ये स्नायूंचं एक कडं असतं, ते एरवी आवळलेलं राहतं आणि गिळताना उघडतं. श्वासपटलही त्याला बाहेरून चिमटा देतं. माझा हर्निया असल्यामुळं तो चिमटा ढिला. शिवाय हे कडं गिळल्याशिवायही मधूनमधून आपोआप सैल पडतं, ढेकर जाऊ द्यायला. जठर जितकं ताणलेलं तितकं ते जास्त वेळा सैल पडतं. जेवल्यावर ताजं आम्ल अन्नात लगेच मिसळत नाही, वरच्या वर, कड्याच्या अगदी खाली साचून राहतं. आता माणूस पोटभर जेवून लगेच आडवा झाला तर?

मी पावणेअकरा आणि सव्वाअकरा आठवलं.

मग त्यांनी गोळीचं विचारलं. मी सांगितलं, जळजळलं की घेतो, जेवल्यावर. ते खुर्चीत मागं रेलले. "म्हणजे सहा वर्षं तुम्ही गोळी घेतलीत आणि घेतलीही नाहीत."

आम्ल सोडणारे जे पंप जठराच्या पेशींत असतात, ते खाणं आलं की कामाला लागतात. ही गोळी चालू पंपालाच धरते, झोपलेल्या पंपाला नाही. आणि रक्तात ती थोडेच तास टिकते. म्हणून सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि अर्ध्या-पाऊण तासानं नाश्ता करायचा. पंप उठतात तेव्हा औषध तयार पाहिजे. मी मनातल्या मनात म्हटलं, ट्रक लागला की हमाल उठतात. त्यांना थांबवायचं असेल तर ट्रक येण्याआधी दारात उभं राहायला पाहिजे. माल उतरवून झाल्यावर जाऊन काय उपयोग? शिवाय सगळे पंप एका गोळीत सापडत नाहीत, तीन-चार दिवस रोज घ्यावी तेव्हा पूर्ण जोर येतो. म्हणजे पेटल्यावर एक गिळणं म्हणजे घर जळताना विहीर खणणं.

चिठ्ठीत तीच जुनी पॅन्टोप्राझोल चाळीस होती. डोम्पेरिडोन काढून टाकलं, कारण ते उगाच महिनोन्महिने घ्यायचं औषध नाही, हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. आठ आठवडे, रोज, सकाळी सहाला. बीपीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. अॅम्लोडिपिननं ते कडं आणखी सैल पडू शकतं म्हणे, तर बदलता येते का बघा. त्यांनी बदलली. बी-१२ तपासलं, कमी निघालं. आम्ही माळकरी, पूर्ण शाकाहारी, त्यात ही गोळी वर्षानुवर्षं. दोन्हीनं ते कमी होतं. त्याच्या गोळ्या वेगळ्या.

"आणि पथ्य?" मी विचारलं. मला वाटलं आता तिखट बंद, चहा बंद, भडंग बंद, जगणं बंद.

"वही घाला," ते म्हणाले. "काय खाल्लं, किती वाजता, आडवे किती वाजता झालात, घशाशी आलं का. सहा आठवडे. मग मला दाखवा काय बंद करायचं ते."

दिवाणजीला वही घाला म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला नदी दाखवणं.

*

दुकानातली एक कोरी रोजकीर्द घेतली. डावीकडं जमा, म्हणजे पोटात गेलं ते. उजवीकडं नावे, म्हणजे वर आलं ते. एक गोष्ट मला लवकरच कळली: गोळीनं जळजळ दहा दिवसांत जवळजवळ थांबली, पण घशाशी येणं थांबेना. गोळी आम्ल कमी करते, कडं आवळत नाही. येणारं पाणी आता जळत नव्हतं एवढंच. तेव्हा वहीत मी "जळजळ" आणि "घशाशी" असे दोन वेगळे रकाने पाडले.

बेचाळीस दिवस लिहिलं. त्यातल्या एकोणीस रात्री घशाशी आलं. मी तिखटाच्या मागं लागून आकडे जुळवत बसलो: ठेचा असलेल्या रात्री, तर्री असलेल्या रात्री. जमेना. ठेचा खाऊन शांत झोपलेल्या रात्री होत्या आणि नुसता खिचडी-भात खाऊन एक वाजता उठून बसलेल्या रात्री होत्या. मग वेळेचा रकाना धरला. एकोणीसपैकी पंधरा रात्री जेवण साडेनऊनंतरचं. ताळेबंद एका फटक्यात जुळला. भडंग पाच वाजता खाल्लेला कधीच वर आला नाही. तोच भडंग रात्री दहाला, मॅच बघताना खाल्लेला, दोनदा आला. उरलेल्या चार रात्रींत दोन लग्नांची तळलेली जेवणं आणि दोन वेळा कच्चा कांदा. कांदा माझा वैरी आहे, हे मी मान्य केलं. चहाचं असं काही सापडलं नाही. डॉक्टरांनी तरी सहाचे तीन करायला सांगितले, मी चार केले.

दुसऱ्या कुणाच्या वहीत वेगळं निघेल, हे मला मेव्हण्यामुळं कळलं. त्याचीही जळजळ माझ्यासारखीच, पण एंडोस्कोपी स्वच्छ, आणि नाकातून बारीक नळी घालून चोवीस तास आम्ल मोजलं तर तेही मर्यादेत. त्याच्या अन्ननलिकेच्या नसाच नको तेवढ्या हळव्या निघाल्या. त्याला आम्लाची गोळी उपयोगी पडेना. अगदी कमी मात्रेत दुसरंच औषध दिलं आणि ताण कमी करायला सांगितलं. लिंबूपाणी मात्र त्यानं अजून सोडलेलं नाही.

वेळ बदलणं सोपं नव्हतं. शेठना सांगितलं, हंगामात मी पावणेआठला दुकानातच डबा खाणार. शेठ म्हणाले, "शेतकरी पट्टीसाठी ताटकळणार आणि तुम्ही भाकरी मोडत बसणार?" पंधरा मिनिटं लागतात हो. रोज कुरकुरतात. मी रोज खातो.

पलंगाची गंमत वेगळीच. डोक्याकडची बाजू सहा इंच उचलायची होती. मी आधी तीन उशा लावल्या. डॉक्टरांनी नाही म्हटलं, उशांनी मान आणि पोट मुडपतं, पोटावर दाब उलट वाढतो. उतार सगळ्या धडाला पाहिजे. सुतार "उद्या येतो" म्हणत तीन आठवडे आला नाही. शेवटी बाभळीचे दोन ठोकळे करून आणले, वर खोबण पाडलेली, पाय घसरू नये म्हणून. पहिल्या रात्री आम्ही दोघंही झोपेत पायथ्याशी घसरत आलो. बायको पहाटे म्हणाली, "अहो, बोटीत झोपल्यागत वाटतंय." दोन आठवड्यांनी सवय झाली. आणि डाव्या कुशीवर झोपायचं. डाव्या कुशीला जठराची पिशवी खाली लोंबते आणि अन्ननलिकेचं तोंड वर राहतं. उजव्या कुशीला नेमकं उलट. वहीत ठोकळे आले त्या तारखेला मी लाल रेघ मारलीय. तिच्या वर आणि तिच्या खाली बघितलं की वेगळं सांगायला नको.

बाकी किरकोळ. पट्टा दोन भोकं सैल केला. जेवल्यावर डेस्कवर वाकून बसणं बंद, अर्धा तास उभ्यानं तोलाईची यादी तपासतो. पहाटे हरिपूरच्या रस्त्यानं संगमापर्यंत चालत जाऊन येतो. वजन चौऱ्याऐंशीचं अठ्ठ्याहत्तर झालं, त्याला मात्र वर्ष लागलं.

आठ आठवडे संपल्यावर गोळी एकदम तोडली नाही. आधीचा धडा लक्षात होता. दिवसाआड तीन आठवडे, मग तीन दिवसांनी, मग लागेल तशी. मधला एक आठवडा थोडा पेटला. पातळ औषधावर काढला. सी किंवा डी ग्रेड असती तर ही सूट मिळाली नसती, गोळी कायम चालू ठेवावी लागली असती, असं डॉक्टरांनी बजावलं. हंगामात मी अजूनही कधीकधी आठ-दहा दिवसांचा एक फेरा घेतो, त्यांना विचारून, सकाळी सहाला. खिशातलं पाकीट गेलं. दाढांवर त्या विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी भरण केलं. पुढच्या दातांचं झिजलेलं काही परत येत नाही.

आई अजून म्हणते, "पित्त गेलं बघ तुझं, मी दिलेल्या दुधानं." मी वाद घालत नाही.

रोजकीर्द मात्र चालू आहे, आता फक्त चुकलेल्या दिवसांची. परवा तासगावला भाच्याचं लग्न होतं, पंगतीला बसायलाच दहा वाजून गेले. घरी येऊन एक वाजेपर्यंत खुर्चीत बसून राहिलो आणि मग लिहिलं: "जेवण १०:२०. आडवा १:१०. कांदा नाही. बासुंदी दोन वाट्या. घशाशी: नाही."

सकाळी वही उघडली तर "दोन" वर काट मारून बायकोच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "चार."